वहिनी, फॉरमॅट मारू का?

“वहिनी, सरळ फॉरमॅट मारून टाकतो. दोन तासांचं तर काम!”

२०२५ सालची दिवाळी तोंडावर आली होती. मी चिवड्याचे पोहे भाजत होते आणि आमचे भाऊजी माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचे ते शब्द ऐकले नि माझ्या पोटात गोळाच आला. कारण ‘फॉरमॅट’शी माझी जुनी ओळख आहे, आणि ती काही सुखाची नाही.

दहाएक वर्षांपूर्वी आमचा जुना कॉम्प्युटर अगदी रडतखडत चालायचा. दुरुस्तीला नेला तेव्हा दुकानातल्या मुलानं विचारलं, “काकू, डेटा ठेवायचाय का?” मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे.” मशीन घरी आलं, छान पळू लागलं. संध्याकाळी धाकटीच्या बारशाचे फोटो उघडायला गेले, तर ते कुठेच नाहीत! ते होते डेस्कटॉपवर. आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच एक कप्पा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. सासूबाई नातीला पाळण्यात घालताहेत, असा एकच फोटो होता आमच्याकडे. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्या मुलाला तरी काय बोलणार? कुठल्या डब्यात काय आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून या वेळी मी गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हटलं, “भाऊजी, थांबा. आधी मला नीट समजावून सांगा.”

विषय होता विंडोज १०चा. मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. त्या दिवशी मशीन काही बंद पडलं नाही. पण चोरवाटा बुजवणारी नेहमीची फुकट डागडुजी थांबली. ज्या यंत्रावरून आपण वीजबिल भरतो, बँकेचे व्यवहार करतो, त्याला कडी न लावता झोपायचं का? विंडोज ११वर जायचं ठरलं. पण कसं? त्याचे दोन मार्ग.

एक म्हणजे अपडेट. दिवाळीला आपण झाडझूड करतो, पडदे बदलतो, पण कपाटं जागची हलवत नाही, तसंच हे. फाइली, फोटो, बसवलेले प्रोग्रॅम सगळं जागच्या जागी राहतं. नाहीच पटलं तर पहिल्या दहा दिवसांत जुन्या विंडोजवर परतही जाता येतं. मात्र कोपऱ्यातली जुनी जळमटंही सोबत येतात.

दुसरा मार्ग म्हणजे सगळं पुसून नव्यानं बसवणं. घर पार रिकामं करून रंगवण्यासारखं! मशीन हलकं होतं. पण प्रिंटर, हिशेबाचा प्रोग्रॅम, मराठी टायपिंग, सगळं पुन्हा बसवावं लागतं. आणि बाहेर काढायचं राहिलं, ते गेलंच म्हणायचं.

मग निवड कशी करायची? मशीन एरवी ठीक चालत असेल, तर अपडेट पुरेसं आहे. पण नको त्या जाहिराती आपोआप उघडत असतील, व्हायरसची शंका असेल, अपडेट अर्ध्यातच अडकत असेल किंवा मशीन दुसऱ्याकडून जुनं घेतलेलं असेल, तर नव्यानं बसवणंच शहाणपणाचं. एक मधला मार्गही आहे. सेटिंग्जमधल्या ‘रीसेट’मध्ये फाइली ठेवून प्रोग्रॅम तेवढे काढता येतात. आणि हार्ड डिस्कमधून खडखड आवाज येत असेल, तर यातलं काहीच करू नका. गळका डबा घासून काय उपयोग? आधी फोटो बाहेर काढा नि डिस्क बदला.

कोणताही मार्ग धरलात, तरी आधी एवढं कराच:

१. मशीन विंडोज ११ला चालेल का ते पाहा. निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० लागतं. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा फुकट प्रोग्रॅम ते सांगतो.

२. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चारही कप्पे उघडून पाहा. सहसा ते सी ड्राइव्हमध्येच असतात.

३. सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. दोन-चार फोटो तिथून उघडून खात्री करा, मग डिस्क काढून कपाटात ठेवा. काम चालू असताना ती जोडलेली नको.

४. प्रोग्रॅमची यादी आणि पासवर्ड वहीत लिहा. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ आकडी किल्लीही लिहून ठेवा.

५. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेलं काही असेल, तर तो फॉन्टही जपून ठेवा. त्याच्याशिवाय फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी निव्वळ किरकोळ खुणा दिसतात.

विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल का, ही शंका मलाही होती. मूळचं विंडोज रीतसर असेल आणि मशीन तेच असेल, तर सहसा इंटरनेट जोडल्यावर परवाना आपोआप ओळखला जातो.

आमचा लॅपटॉप २०१९चा, चालायला ठणठणीत. तेव्हा आम्ही अपडेटच केलं. शेजारच्या वहिनींच्या मशीनवर मात्र सारख्या जाहिराती उघडायच्या. त्यांचं भाऊजींनी पुसून नव्यानं बसवलं. त्यांना यादी करायला मीच बसवलं होतं, बरं का!

माझी यादी करताना एक फाइल सापडली. जुन्या डी ड्राइव्हमधून आलेली, उघडली तर सगळ्या खुणाच. भाऊजींनी फॉन्ट बसवला आणि अक्षरं उमटली: गोडा मसाला, धणे एक किलो, तीळ, खोबरं... सासूबाईंनी शेजारी बसून माझ्याकडून टाइप करून घेतलेली प्रमाणं! फोटो गेला तो गेलाच. पण हे राहिलं होतं, आणि इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता.

तेव्हा मैत्रिणींनो, फॉरमॅट कुणीही मारू दे. पण आत काय आहे, ते आधी आपण पाहायचं. दुकानातल्या मुलाला ते कसं कळणार?