मुक्काम जवळ, तर दिल्ली जवळ

घरातील ज्येष्ठांना घेऊन एखाद्या मोठ्या शहराच्या सहलीला निघायचे ठरले, की आधी यादी होते ती पाहावयाच्या स्थळांची. दिल्लीचा बेत असेल, तर लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, इंडिया गेट, अक्षरधाम ही नावे भराभर कागदावर उतरतात. गाडीची तिकिटे निघतात, ठेवणीतले स्वेटर बाहेर येतात, आणि हॉटेलचा विषय मात्र अगदी शेवटी, घरातले कोणीतरी मोबाइलवर दहा मिनिटांत उरकून टाकते.

वस्तुतः सत्तरी ओलांडलेल्या माणसाची सहल दिवसाच्या स्थळदर्शनावर जेवढी अवलंबून असते, त्याहून अधिक ती रात्रीच्या मुक्कामावर अवलंबून असते. झोप लागली नाही, स्नानगृहात पाय घसरला, जेवणाची वेळ चुकून साखर उतरली, तर दुसऱ्या सकाळी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तुम्ही जाऊन या, मी खोलीवरच पडतो.’ कित्येक घरांत ही दिल्ली ज्येष्ठांच्या आयुष्यातली पहिली आणि कदाचित अखेरची दिल्ली असते. ते वाक्य उच्चारण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये, एवढ्यासाठी तरी हॉटेलची निवड सर्वांत शेवटी नव्हे, तर सर्वांत आधी व्हावयास हवी.

नावाची हमी कुठवर?

अनोळखी शहरात परिचित नावाचे हॉटेल निवडण्याकडे आपला कल असतो, आणि त्यात गैर काही नाही. साखळी हॉटेलांची कल्पनाच मुळी कुटुंबवत्सल प्रवाशाच्या गरजेतून रुजली. अमेरिकेतील केमन्स विल्सन हे गृहस्थ मुलाबाळांसह सहलीला गेले असता वाटेतील निवासांचा दर्जा आणि मुलांमागे आकारले जाणारे जादा पैसे पाहून वैतागले, आणि १९५२ साली त्यांनी मेंफिस येथे पहिले ‘हॉलिडे इन’ उघडले. कोणत्याही गावी जा, खोली सारखीच मिळेल, हे त्यामागचे आश्वासन होते. आपल्याकडे टाटा समूहाचे ‘जिंजर’, ‘लेमन ट्री’, फ्रेंच कंपनीचे ‘आयबिस’ अशी मध्यम दराची नावे आज परिचित आहेत.

अशा नावामुळे काही गोष्टी बहुतांशी मिळतात : स्वच्छ चादरी, लिफ्ट, गरम पाणी, सकाळची न्याहारी, आणि मुख्य म्हणजे रात्री दोन वाजताही स्वागतकक्षात जागा असलेला माणूस. ज्येष्ठांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे.

परंतु एकाच नावाच्या सर्व इमारती एकाच मालकाच्या नसतात. काही कंपनीच्या स्वतःच्या असतात, काही दुसऱ्याच्या मालकीच्या असून कंपनी केवळ चालवते, तर काही ठिकाणी स्थानिक मालकाने नाव वापरण्याचा परवाना घेतलेला असतो. गादी सर्वत्र सारखी मिळेल, पण प्रवेशद्वाराच्या पायऱ्या, स्नानगृहाचा उंबरठा आणि लिफ्टची रुंदी त्या त्या इमारतीची असते. म्हणून नाव पाहून यादी करावी, निवड मात्र इमारत पाहून करावी.

अंतराचा हिशेब

एका साखळीची दिल्ली परिसरात चार-पाच हॉटेले असू शकतात. कोणी शहराच्या मध्यभागी, कोणी विमानतळाजवळच्या एरोसिटीत, तर कोणी गुरुग्राम वा नोएडा येथे, म्हणजे वास्तविक शेजारच्या राज्यात. नावापुढे ‘दिल्ली’ लिहिले आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पूर्ण पत्ता नकाशावर पाहावा आणि कागदावर लिहून ज्येष्ठांच्या खिशातही ठेवावा.

एरोसिटीत नामांकित साखळ्यांची हॉटेले एकमेकांना लागून आहेत. परिसर आखीव आणि बंदोबस्ताचा आहे, आणि विमानतळाकडे जाणारी मेट्रोही तेथे थांबते. विमानाने येऊन एका रात्रीत परतणाऱ्यांना याहून सोयीचे ठिकाण नाही. मात्र कॅनॉट प्लेस तेथून सुमारे १५ किलोमीटर दूर आहे आणि लाल किल्ला त्याहूनही पुढे. याउलट कॅनॉट प्लेसच्या आसपास राहिल्यास जंतरमंतर आणि बंगला साहिब गुरुद्वारा अगदी जवळ, इंडिया गेट तीन-एक किलोमीटरवर, तर लाल किल्ला पाच-सहा किलोमीटरवर येतो. कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनही याच भागात आहे.

हा फरक केवळ टॅक्सीच्या भाड्याचा नाही. मुक्काम जवळ असेल, तर सकाळी एक स्थळ पाहून दुपारी खोलीवर परतता येते. स्वतःच्या स्वच्छतागृहात जाता येते, वेळेवर जेवून तासभर पाठ टेकता येते आणि संध्याकाळी पुन्हा ताजेतवाने होऊन कर्तव्यपथावर फेरफटका मारता येतो. मुक्काम लांब असेल, तर सकाळी निघालेला माणूस रात्रीच परततो. मग मध्येच स्वच्छतागृह शोधावे लागेल या धास्तीने ज्येष्ठ मंडळी, विशेषतः स्त्रिया, दिवसभर पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, थकवा आणि भोवळ यांना ते उघड निमंत्रण असते. शहराच्या मध्यातील खोलीसाठी रात्रीमागे काही रुपये अधिक पडले, तरी ते दुपारच्या विश्रांतीचे मोल समजून द्यावेत.

खरी परीक्षा स्नानगृहाची

संकेतस्थळावरील छायाचित्रांत पलंग, पडदे आणि खिडकीतला देखावा ठळक दिसतो. आपण पाहावयाचे असते ते स्नानगृह. घरी रात्री दोनदा उठणारा माणूस हॉटेलातही उठणारच. तेथे अंधार अनोळखी असतो, दिव्याचे बटण कोठे हे ठाऊक नसते, आणि पलंगापासून दारापर्यंतची वाट पायांच्या सवयीची नसते. झोपेतून एकदम उभे राहिल्यास काहींचा रक्तदाब क्षणभर उतरतो, आणि रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणाऱ्यांत हे अधिक घडते. त्यात फरशी ओली असली आणि पडून खुब्याचे हाड मोडले, तर सहल तर संपतेच, पण पुढील कित्येक महिन्यांचे घराचे वेळापत्रकही बदलून जाते.

म्हणून खोली ठरवण्यापूर्वी एवढे जाणून घ्यावे : नहाण्याची जागा सपाट आहे, की बाथटबमध्ये पाय उचलून जावे लागते? कमोडजवळ हाताने धरण्याचा दांडा आहे का? नहाताना बसण्यासाठी प्लॅस्टिकचे स्टूल आणि बादली-मग मिळेल का? दार चाकाची खुर्ची आत जाण्याइतके रुंद आहे का? आणखी एक गोष्ट संकोच न बाळगता विचारावी. अलीकडच्या बऱ्याच हॉटेलांत स्नानगृहाची भिंत पारदर्शक काचेची असते. सासूबाईंसोबत सून, वा वडिलांसोबत मुलगी एका खोलीत राहणार असेल, तर तिला पडदा आहे की नाही, हा चेष्टेचा नव्हे, प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या तारांकनाच्या निकषांत दिव्यांग पाहुण्यांसाठी सोयीच्या खोलीची अपेक्षा आहे, आणि मोठ्या साखळ्यांच्या बऱ्याच हॉटेलांत अशा एक-दोन खोल्या असतात. त्यांत रुंद दारे, धरण्याचे दांडे आणि सपाट स्नानगृह असते. काठी घेऊन चालणाऱ्यांनीही ती मागावी. मागण्यात कमीपणा नाही. फक्त अशा खोल्या थोड्या असल्याने लवकर कळवावे लागते.

खोलीत पाऊल ठेवल्याबरोबर पाच मिनिटे पाहणी करावी. पलंगापासून स्नानगृहापर्यंतची वाट ज्येष्ठांना दिवसाउजेडी दोनदा चालून दाखवण्यास सांगावे. वाटेतील पायपुसणे आणि बॅगा हलवाव्यात. रात्री स्नानगृहाचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवावे. आतील कडी लावू नये. हॉटेलच्या कागदी सपाता घसरतात, तेव्हा घरच्या रबरी तळाच्या चपलाच वापराव्यात. उठताना पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसावे आणि मगच उभे राहावे.

औषधे, वीज आणि जेवण

आधुनिक हॉटेलांत दाराजवळच्या खाचेत कार्ड ठेवले की खोलीची वीज सुरू होते आणि कार्ड काढून बाहेर पडले की बंद होते. काही ठिकाणी त्यासोबत छोटा फ्रीजही बंद पडतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आणि झोपेत श्वासाचे यंत्र वापरणाऱ्यांनी हे मुद्दाम विचारावे व लागल्यास दुसरे कार्ड मागून घ्यावे. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते, पण ते गोठता कामा नये. गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी वापरू नये. खोलीतील फ्रीजचा भरवसा वाटत नसेल, तर स्वागतकक्षाला सांगून स्वयंपाकघराच्या फ्रीजमध्ये नाव लिहून डबी ठेवता येईल का, हे विचारावे.

न्याहारी भाड्यात धरलेली असेल, तर ती किती वाजता सुरू होते ते पाहावे. सकाळी साडेसातला गोळी वा इंजेक्शन घेणाऱ्याला साडेआठची न्याहारी उपयोगाची नाही. रात्री उशिरा परतल्यास कमी मिठाची, कमी तिखट डाळ-खिचडी खोलीवर मिळेल का, हेही आधीच कळावे. खोलीत पाणी तापवण्याची किटली असेल, तर कोमट पाण्याची सोय होते.

हॉटेलच्या बोलावण्यावर डॉक्टर येतो का आणि यायला साधारण किती वेळ लागतो, हा प्रश्न चुकवू नये. कॅनॉट प्लेसजवळ बाबा खडकसिंग मार्गावर राममनोहर लोहिया रुग्णालय आहे. दक्षिण दिल्लीत एम्स आणि सफदरजंग ही रुग्णालये समोरासमोर आहेत. आणीबाणीचा ११२ हा क्रमांक, औषधांची यादी आणि आरोग्य विम्याचे कार्ड, तिन्ही एकाच पाकिटात असावीत.

वेळ, ऋतू आणि पैसा

बहुतेक साखळी हॉटेलांत खोलीचा ताबा दुपारी दोनच्या सुमारास मिळतो. मुंबईहून रात्रीच्या राजधानीने निघालेले प्रवासी मात्र सकाळीच दिल्लीत उतरतात. रात्रभर गाडीत अवघडलेल्या ज्येष्ठाला पाच तास स्वागतकक्षातील सोफ्यावर बसवणे ही सहलीची वाईट सुरुवात होय. लवकर ताबा मिळण्याची लेखी खात्री घ्यावी. ती मिळत नसेल, तर आदल्या रात्रीपासूनचे भाडे भरणे परवडते का, ते पाहावे.

दिल्लीला जायचे ते शक्यतो फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात हवेतील प्रदूषण वाढते, ते दमा आणि हृदयविकार असणाऱ्यांना बाधते. धुक्यामुळे गाड्या व विमाने रखडतात ते वेगळेच. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मुक्कामातील सोमवार विश्रांतीसाठी राखावा, कारण लाल किल्ला, अक्षरधाम, कमळमंदिर आणि राष्ट्रीय संग्रहालय त्या दिवशी बंद असतात.

सर्वांत स्वस्त दिसणारा दर बहुधा पैसे परत न मिळण्याच्या अटीवर असतो. तरुणांना तो चालतो, पण ज्येष्ठांच्या प्रकृतीचा भरवसा देता येत नाही. आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येणारा दर थोडा महाग असला, तरी तोच घ्यावा. त्यामुळे ताप आलेला असताना ‘पैसे वाया जातील’ म्हणून कोणी दुखणे लपवीत नाही. काही साखळ्या साठ वर्षांवरील पाहुण्यांना सवलत देतात, तेव्हा विचारून पाहावे.

एक दूरध्वनी

ही सारी माहिती संकेतस्थळावर मिळत नाही. कंपनीच्या मध्यवर्ती क्रमांकावर बोलणारी व्यक्ती कदाचित दुसऱ्याच शहरात बसलेली असते आणि तिने ती इमारत पाहिलेली नसते. म्हणून त्याच हॉटेलच्या स्वागतकक्षाला दुपारच्या निवांत वेळी दूरध्वनी करावा. खालच्या मजल्यावरची, लिफ्टजवळची, पण लिफ्टला अगदी लागून नसलेली खोली मागावी. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे आकड्यात विचारावे. ‘सगळी सोय आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. जो कर्मचारी ‘थांबा, पाहून सांगतो’ म्हणतो आणि खरोखर पाहून सांगतो, त्याचे हॉटेल निवडावे. ठरलेल्या गोष्टी ई-मेलने लिहून घ्याव्यात.

आणि हे सारे ज्यांच्यासाठी चालले आहे, त्यांनाही विचारावे. रात्री किती वेळा उठावे लागते, किती पायऱ्या झेपतात, एकट्याने नहायचे आहे की कोणी दाराशी थांबावे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. पुष्कळदा मुलांना खर्चात पाडू नये म्हणून ते ‘मला काहीही चालेल’ असे म्हणतात. त्या वाक्यावर विसंबून खोली ठरवू नये. जवळ बसून, एकेक प्रश्न वेगळा विचारावा.

सेवा करणाऱ्याच्या झोपेचाही विचार व्हावा. रात्री तीनदा उठणाऱ्या आईसोबत मुलगी जागत असेल, तर दुसऱ्या दिवशी दोघीही थकलेल्या असतात. दोन स्वतंत्र पलंगांची खोली किंवा आतल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या, आणि रात्रीची पाळी आळीपाळीने, अशी व्यवस्था निघण्यापूर्वीच ठरावी.

यादीतील दोन स्थळे कमी झाली, तरी बिघडत नाही. कुतुबमिनार आज नाही, तर उद्या सकाळी पाहता येतो. रात्री नीट झोपलेले आणि न पडता, न संकोचता स्नान आटोपून आलेले आजी-आजोबा सकाळी स्वतःहून चपला घालून दाराशी उभे राहिले, की आपण निवडलेले हॉटेल योग्य होते, असे खुशाल समजावे.