रस्त्याकडेचे शेत (भाग ४) : बेरीच्या स्टॉलपुढची रांग

थेट विक्रीने शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात, हे मागच्या भागात आपण पाहिले. आता त्यापुढचा प्रश्न. माल घ्यायला थांबलेले गिऱ्हाईक पिशवी भरून लगेच निघून न जाता तिथे रमते कधी? याचे सर्वांत बोलके उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्क इथे सापडते.

वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट हे जोडपे १९२० मध्ये तिथे आले. त्याआधी मोहावेच्या वाळवंटात शेती करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. ब्युएना पार्कला त्यांनी २० एकर जमीन खंडाने घेतली, बेरी लावल्या आणि रस्त्याकडेला स्टॉल मांडला. समुद्राकडे निघालेल्या मोटारी याच रस्त्याने जात. पुढे जमीन विकत घेऊन त्यांनी पक्के दुकान बांधले, शेजारी रोपवाटिका काढली आणि छोटी चहाची खोलीही सुरू केली. चार मुले हाताशी होतीच.

मग आली बॉयसेनबेरी. रुडॉल्फ बॉयसेन यांनी तयार केलेल्या या संकरित वाणाची मरू घातलेली रोपे अमेरिकी कृषी खात्याचे जॉर्ज डॅरो आणि नॉट यांनी शोधून काढली. नॉट यांनी ती आपल्या शेतात आणून जगवली आणि १९३२ पासून फळ विक्रीला ठेवले. ते टपोरे, रसाळ, पण फार नाजूक. पिकलेले फळ दूरच्या बाजाराची वाट सोसत नाही. ही उणीवच नॉट कुटुंबाच्या पथ्यावर पडली, कारण असे फळ शेताच्या बांधावरच ताजे विकावे लागते आणि उरले तर त्याचा जॅम करावा लागतो.

या कहाणीत कॉर्डेलियाचा वाटा थोर आहे, आणि तो नेहमी पुरेसा सांगितला जात नाही. मंदीच्या काळात, जून १९३४ मध्ये, तिने चहाच्या खोलीत ८ जणांना तळलेल्या कोंबडीचे जेवण वाढले, तेही लग्नात मिळालेल्या चिनी मातीच्या ताटांतून. दर होता ६५ सेंट. १९४० च्या सुमारास एका रविवारच्या संध्याकाळी ४,००० पर्यंत ताटे उठू लागली.

एवढ्या पंगतीसाठी तासन्‌तास रांग लागे. ताटकळलेल्या माणसांना काहीतरी पाहायला हवे, म्हणून वॉल्टरने १९४० मध्ये शेतातच जुन्या काळातल्या पश्चिम अमेरिकेचे एक गाव उभारायला घेतले. जुन्या इमारती दूरदूरून आणल्या. १९५२ मध्ये वाफेची रेल्वेही धावू लागली. वॉल्टरचे आजोळ गाड्यांच्या तांड्यातून पश्चिमेकडे आलेले, तेव्हा गावाचा विषयही घरातलाच होता. शेजारच्या अ‍ॅनाहाइममध्ये १९५५ ला डिस्नेलँड उघडले, तरी नॉट यांच्याकडची गर्दी टिकून राहिली. कुंपण आणि प्रवेशशुल्क आले ते थेट १९६८ मध्ये.

बेरी, जॅम, जेवण, गाव या क्रमातली प्रत्येक पायरी आधीच आलेल्या गिऱ्हाइकाने सुचवली होती. आपल्याकडे कृषी पर्यटन म्हटले की पुष्कळदा आधी खोल्या बांधल्या जातात, कर्ज अंगावर येते आणि पाहुण्यांची वाट पाहणे सुरू होते. नॉट यांचा क्रम नेमका उलटा होता. आणि शिकण्यासारखा आहे तो हा क्रमच.

महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर या वाटेची सुरुवात दिसतेच. तिथली स्ट्रॉबेरीही नाजूक. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. स्ट्रॉबेरी-क्रीमसाठी मोटारी थांबतात. थांबलेल्या प्रवाशाला फळ कसे लागते, तणाच्या बंदोबस्तासाठी वाफ्यावर प्लास्टिकचा काळा कागद कसा अंथरतात, हे दाखवणारा शेतकरी पाहुणा जोडतो. त्यासाठी फार मोठे भांडवल लागत नाही; घरातले एखादे बोलके माणूस आणि चालायला नीट पाऊलवाट एवढे पुरते.

पण नॉट यांच्या यशाची किंमतही मोजली पाहिजे. करमणुकीचे पाळणे वाढले तसे बेरीचे मळे आटत गेले आणि शेवटी नाहीसे झाले. कॉर्डेलिया १९७४ मध्ये, वॉल्टर १९८१ मध्ये वारले आणि १९९७ मध्ये कुटुंबाने करमणूक उद्यान झालेली ही जागा विकली. आज तिथे बॉयसेनबेरीचा उत्सव भरतो, शेत मात्र नाही. पाहुण्यांसाठी नेमकी किती जमीन द्यायची आणि किती पिकाखालीच राखायची, हे त्यामुळे पहिल्याच वर्षी घरात बसून ठरवावे लागते. महाराष्ट्राच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार नोंदणी करणाऱ्याला या हिशेबात काय मदत होते, ते पुढच्या भागात पाहू.