नाव कुणाचं, हक्क कुणाचा? वारसांमधले पाच गैरसमज

तेराव्याचे पाहुणे परततात आणि वडिलांच्या कपाटातली फाइल बाहेर येते. भावंडांमधली पहिली ठिणगी बहुधा इथेच पडते. ‘कागदावर माझं नाव आहे’ आणि ‘मालमत्ता माझी आहे’ यांतला फरक तेव्हाच समजून घेतला, तर पुष्कळ वाद उंबऱ्याच्या आतच मिटतात. हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या घरांपुरतं हे पाहू.

गैरसमज १ : थोरल्या भावाचा वाटा मोठा.
वस्तुस्थिती : वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असतील, तर प्रत्येकाला चौथा हिस्सा. थोरलेपणाने जबाबदारी येते, जादा वाटा येत नाही.

गैरसमज २ : सातबाऱ्यावर ज्याचं नाव, तो मालक.
वस्तुस्थिती : सातबारा ही महसुली नोंद आहे. फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि संपतही नाही. वारसनोंदीत बहिणीचं नाव राहून गेलं म्हणून तिचा हक्क बुडत नाही. मात्र नोंद वेळीच दुरुस्त करून घ्यावी.

गैरसमज ३ : नॉमिनीला सगळं मिळतं.
वस्तुस्थिती : बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते, पण ते वारसांच्या वतीने. शेअर्सबाबतही नॉमिनी मालक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये स्पष्ट केलं. आयुर्विम्यात २०१५च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर नियम वेगळा आहे.

गैरसमज ४ : लग्न झालेल्या बहिणीने स्टँपपेपरवर सही केली की हक्क सुटला.
वस्तुस्थिती : वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचाही हक्क जन्मापासूनचा आहे. त्यासाठी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं. घर-जमिनीवरचा हक्क सोडायचा, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नुसती नोटरी पुरत नाही. सही घेण्यापूर्वी तिला कागद वाचू द्या, समजू द्या.

गैरसमज ५ : मृत्युपत्रात दोघा भावंडांना व्यवस्थापक नेमलंय, म्हणजे कारभार करणाऱ्याला कुणी हिशेब विचारू शकत नाही.
वस्तुस्थिती : प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाचं प्रमाणपत्र, मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात जमाखर्च न्यायालयाला सादर करावा लागतो. बहीण हिशेब मागते तेव्हा तो संशय समजू नका. कायदाही तेच मागतो.

तरीही बोलणं खुंटलं, तर लगेच वाटणीचा दावा लावू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधीही तडजोडीसाठी अर्ज करता येतो. लोकअदालतीत सर्वांच्या संमतीने झालेल्या निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं.

पण त्याही आधी एक वही घाला. अंत्यविधीचा खर्च, घरपट्टी, आलेलं भाडं, सारं तारखेनिशी तिच्यात लिहा आणि महिन्यातून एकदा सगळ्या भावंडांना दाखवा. पहिलं पान वडिलांच्या देण्यांचं असू द्या. मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत ती आधी फेडायची असतात. वाटणी उरलेल्याचीच होते.