वारा सुटला की डेझी उशीर करते

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या बिस्किट बेसिनमध्ये मंगळवारी, २३ जुलै २०२४ च्या सकाळी झालेल्या स्फोटाची चित्रफीत एव्हाना बहुतेकांच्या फोनवर येऊन गेली असेल. काळा चिखल आणि दगड उसळतात, लाकडी वाटेवरची माणसं जीव मुठीत धरून पळतात. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. ‘महाज्वालामुखी जागा झाला’ ही पाठोपाठ उठलेली आवई मात्र निराधार आहे. जमिनीखालच्या भेगांत कोंडलेल्या तप्त पाण्याची एकाएकी वाफ झाली, असं अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था सांगते. असे स्फोट उद्यानात जवळपास दरवर्षी होतात, पण बहुतेक कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. या स्फोटाची आगाऊ चाहूल कुणालाच लागली नाही. तिथून जेमतेम साडेतीन किलोमीटरवर मात्र ओल्ड फेथफुल या गायझरच्या, म्हणजे उसळत्या गरम झऱ्याच्या, पुढच्या फवाऱ्याची वेळ पाटीवर लिहिलेली असते आणि ती बहुतेकदा फार तर दहा मिनिटं पुढेमागे होते.

ही वेळ काढायला एक घड्याळ पुरतं. फवाऱ्याचा कालावधी आणि पुढच्या फवाऱ्यापर्यंतचं अंतर यांचं गणित १९३८ मध्ये हॅरी वुडवर्ड यांनी मांडलं. फवारा अडीच मिनिटांच्या आत आटोपला, तर पुढचा साधारण तासाभरात येतो. त्याहून लांबला, तर दीड तास थांबावं लागतं. जितकं पाणी आणि उष्णता बाहेर पडते, तितका भरपाईला वेळ लागतो. १९३९ मध्ये दोन फवाऱ्यांत सरासरी ६६ मिनिटं जात, आज नव्वदच्या आसपास जातात. १९५९, १९७५ आणि १९८३ च्या मोठ्या भूकंपांनी हे अंतर वाढवलं.

पण हवामानाचं काय? हा परिसर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे, तिथं पाणी ९३ अंशांनाच उकळतं. हवेचा दाब उतरला की उत्कलनबिंदूही थोडा खाली येतो, मग फवारा लवकर यायला हवा, असा तर्क कुणीही करील. याच परिसरातल्या डेझी गायझरच्या शेजारच्या स्प्लेंडिड गायझरबद्दल जुन्या निरीक्षकांचा तसा अनुभवही आहे: वादळ जवळ आलं, दाब घसरला की स्प्लेंडिडवर नजर ठेवायची.

या तर्काची कसून केलेली परीक्षा संशोधक शॉल हुर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ ते २०११ या काळातल्या डेझी आणि ओल्ड फेथफुलच्या वेळा घेऊन त्यांनी त्या दाब, तापमान, पाऊस आणि वाऱ्याशी ताडून पाहिल्या. दाबाच्या चढउताराचा परिणाम दोघांवरही दिसला नाही. ओल्ड फेथफुलला तर थंडी, पाऊस, वारा कशाचंच सोयरसुतक नव्हतं. डेझी मात्र जोराचा वारा किंवा कडाका पडला की उशीर करत होती.

कारण दोघांच्या घडणीत आहे. डेझीचं पाणी उघड्या कुंडात पसरलेलं असतं, ओल्ड फेथफुलचं उंचवट्याच्या आत, अरुंद वाटेनं खाली. परातीतलं आणि सुरईतलं पाणी वाऱ्यावर ठेवलं तर आधी कुठलं निवेल, हे सांगायला नको. वारा डेझीच्या पृष्ठभागावरून बाष्प आणि उष्णता उडवून नेतो. गेलेली उष्णता खालून भरून येईपर्यंत फवारा लांबतो.

हे सारं कळलं ते नोंदींमुळे, आणि नोंदींमागे आहेत ऊनपावसात तासन्‌तास बसणारी हौशी माणसं. या मंडळींचं कसब थक्क करणारं आहे. रिव्हरसाइड गायझरच्या तोंडावरून पाणी वाहू लागलं, की फवाऱ्याला तास-दोन तास उरले हे ती ओळखतात. बीहाइव्ह गायझरजवळच्या ‘इंडिकेटर’ नावाच्या छोट्या छिद्रातून पाणी उडालं, की धावत सुटतात. ग्रँड गायझरसाठी शेजारच्या टर्बन गायझरचे दर वीसेक मिनिटांनी येणारे फवारे मोजत बसतात, कारण ग्रँड सुटतो तो बहुधा टर्बनच्या वेळीच. पाऊस पडला की ओल्या ओघळावरून ‘आत्ताच होऊन गेला’ असं ठरवता येत नाही. हिवाळ्यात वाफ इतकी दाटते की पाण्याचा स्तंभच दिसत नाही. म्हणून ओघळांत तापमान टिपणारी छोटी यंत्रं ठेवली जातात. गरम पाण्याचा लोंढा गेला की आलेखावर सुळका उमटतो.

हवामानाचा खरा दट्ट्या मात्र दिवसांचा नसून ऋतूंचा आणि वर्षांचा आहे. आजच्या चालू गायझरांत जगातला सर्वांत उंच फवारा सोडणारा, यलोस्टोनमधलाच स्टीमबोट मार्च २०१८ मध्ये पुन्हा सक्रिय झाला. २०१९ आणि २०२० मध्ये त्याचे प्रत्येकी ४८ उद्रेक झाले, २०२३ मध्ये अवघे नऊ. त्याची अंतरं उन्हाळ्यात कमी आणि हिवाळ्यात जास्त असल्याचं २०२१ च्या अभ्यासात दिसलं. ओल्ड फेथफुलच्या उंचवट्यावर सापडलेली पाइनची खनिजमय लाकडं तर याहून मोठी गोष्ट सांगतात. चालू गायझरच्या तोंडाशी झाड जगत नाही. हुर्विट्झ यांच्या गटानं २०२० मध्ये दिलेल्या कालमापनानुसार ती झाडं इसवी सन १२३३ ते १३६२ दरम्यानची आहेत. त्या काळात या भागात भीषण, दीर्घ अवर्षण होतं. म्हणजे वाऱ्यापावसाला न बधणारा ओल्ड फेथफुल दुष्काळानं अनेक दशकं बंद पडला होता.

पश्चिम अमेरिकेतले दुष्काळ तीव्र होण्याची चिन्हं असताना हा इतिहास गंभीरपणे घ्यायला हवा. बिस्किट बेसिनच्या स्फोटानंतर आणखी यंत्रांची मागणी होणारच. ती रास्तच आहे, उद्यानातल्याच नॉरिस भागात २०२३ मध्ये असं एक निरीक्षण केंद्र उभंही राहिलं. पण खर्चाचं सारं गणित यंत्रांभोवती मांडून माणसांच्या नोंदी वाऱ्यावर सोडणं चुकीचं ठरेल. ओघळातली तापमापी पाणी आल्याचं सांगते. फवारा किती उंच गेला, वारा कुठून होता, शेजारचं कुंड किती भरलं होतं, हे तिला कळत नाही.

या कामात महाराष्ट्रातूनही भाग घेता येतो. ओल्ड फेथफुल परिसराचं थेट चित्रण इंटरनेटवर चालू असतं आणि ‘गायझरटाइम्स’ या खुल्या नोंदसंचात कुणीही वेळा भरू शकतं. तिथं उन्हाळ्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा इथं संध्याकाळचे साडेसहा. सुरुवात आणि शेवट मिनिटासह लिहायचा. फवारा आधीच सुरू असताना नजर पडली, तर सुरुवातीची वेळ अंदाजानं भरायची नाही. ‘चालू असताना पाहिला’ अशी वेगळी खूण त्यासाठी ठरलेली आहे.