स्मारक नाणे आणि बट्टा

‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार सर्वपरिचित आहे. बट्टा म्हणजे नाणे स्वीकारताना त्याच्या किमतीतून कापली जाणारी रक्कम. ही कापणी एके काळी सामान्य माणसाला फार जाचक होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस वाराणसीच्या टांकसाळीत मोगल बादशहा शाह आलम दुसरा याच्या नावाने चांदीचे रुपये पाडले जात. इतर प्रांतांचे रुपये वेगळे होते. वापराने नाणे झिजते, म्हणून सराफ जुन्या सालच्या रुपयावर बट्टा घेत. नाण्यावरील मजकूर फारसीत असे. तो ज्याला वाचता येत नसे, त्याला सराफ सांगेल ती किंमत मान्य करावी लागे.

जेम्स प्रिन्सेप हा १८२० ते १८३० या काळात वाराणसीच्या टांकसाळीत धातूचा कस तपासणारा अधिकारी होता. पुढे कलकत्त्यात त्याने समान नाणेपद्धतीचा पुरस्कार केला. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकाच वजनाचा व एकाच कसाचा रुपया ठरला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम होते.

पुढे शंभर वर्षांनी, १ एप्रिल १९३५ रोजी, भारतीय रिझर्व्ह बँकेचे कामकाज सुरू झाले. चलनाची व्यवस्था पाहणाऱ्या या बँकेच्या वर्धापनाची स्मारक नाणी सरकारने वेळोवेळी काढली. पंचाहत्तरीनिमित्त २०१० मध्ये १, २, ५ आणि १० रुपयांच्या नाण्यांबरोबर ७५ रुपयांचेही नाणे निघाले. नव्वदीनिमित्त १ एप्रिल २०२४ रोजी मुंबईत ९० रुपयांचे चांदीचे नाणे प्रकाशित झाले. अशी मोठ्या किमतीची नाणी संग्राहकांसाठी असतात. त्यांची विक्री छापील किमतीपेक्षा बऱ्याच अधिक दराने होते. १० रुपयांसारखी स्मारक नाणी मात्र बाजारातही फिरतात.

नेहमीपेक्षा वेगळे चित्र पाहून काही दुकानदार असे नाणे नाकारतात. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की १० रुपयांच्या नाण्यांचे तोवर निघालेले १४ प्रकार वैध आहेत. चित्र बदलले तरी किंमत बदलत नाही.

पूर्वी नाण्यावरील सालामुळे रुपयाची किंमत घटत असे. आज तेच साल एखाद्या घटनेची आठवण देते आणि मोल कायम राहते. म्हणून हाती आलेले नाणे नीट वाचावे. त्यावरील अंक, साल आणि अशोकस्तंभाची राजमुद्रा ओळखणाऱ्याची फसवणूक सहसा होत नाही.