फुफाट्यातल्या शिकाऱ्याची रिकामी नोंद

वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पण मुंगीसिंहाला लागतो तो बारीक, कोरडा फुफाटा. देवळाच्या ओट्याशी, गोठ्याच्या वळचणीला, जिथे पाऊस पोचत नाही तिथे त्याची अळी उलट चालत गोल फिरते, डोक्याने माती उडवते आणि नरसाळ्यासारखा खळगा करून तळाशी दबून बसते. उतार इतका काटेकोर असतो की मुंगीचा पाय पडताच माती निसटते. तरीही मुंगी वर चढू लागली तर खालून मातीचा मारा सुरू होतो. पोकळ जबडे भक्ष्यात रुतवून अळी आधी पाचक रस सोडते, मग आतला द्रव ओढून घेते.

हीच अळी पुढे कोषातून चतुरासारखा पंखवाला कीटक होऊन बाहेर पडते आणि रात्री दिव्यावर येते. दोघांना शेजारी ठेवलं तरी नातं ओळखू येत नाही. शिवाय बहुतेक जातींच्या अळ्या खळगे करतच नाहीत, त्यामुळे त्या नजरेलाही पडत नाहीत.

डीएनए बारकोड इथे कामाला येतो. २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी ही पद्धत मांडली. कीटकाचा एखादा पाय पुरतो. त्यातून सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि 'बोल्ड' किंवा 'जेनबँक' या संग्रहांत जुळवायचा. अळीचा तुकडा प्रौढाच्या तुकड्याशी जुळला की नातं पक्कं.

पण भारतातल्या पुष्कळ जातींचा बारकोड तिथे नाहीच. अशा वेळी संगणक सगळ्यांत जवळच्या नातेवाइकाचं नाव दाखवतो. ते आपल्या किड्याचं म्हणून लिहून टाकणं फार धोक्याचं, कारण ती चूक संग्रहात शिरली की पुढचे अभ्यासक तिच्यावरच विसंबतात.

ही पोकळी यंत्राने बुजणार नाही. रँबूर (१८४२), वॉकर (१८५३), पुढे नवास यांनी भारतीय जातींची वर्णनं लिहिली, पण मूळ नमुने बव्हंशी युरोपातल्या संग्रहालयांत. जुन्या वाळक्या नमुन्यांतला डीएनए तुटलेला असतो. म्हणून ताजा कीटक पकडायचा, त्याच्या पंखांच्या शिरा जुन्या वर्णनाशी ताडायच्या आणि मगच बारकोड काढायचा. शिरा वाचणारी माणसं मोजकी, आणि पिकाचं नुकसान न करणाऱ्या किड्यासाठी पैसा कमी. बोंडअळीच्या मुलखात ते समजण्यासारखं आहे, तरी मला ते खटकतं.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, अमरावतीचं विद्यापीठ १९८३ पासून. मेळघाटच्या जंगलापासून पूर्णेच्या खारपाणपट्ट्यापर्यंतचा प्रदेश दोघांच्या हाताशी आहे. हे काम इथेच व्हावं. सुरुवात अवघड नाही. खळग्यातली अळी मातीसह बरणीत ठेवायची, मुंग्या घालायच्या, कोष होईपर्यंत थांबायचं. प्रौढ बाहेर पडला की कोषात अळीची शेवटची कात सापडते, ती जपायची. प्रौढाचा एक पाय अल्कोहोलमध्ये, बाकीचा कीटक टाचणीवर, आणि खाली चिठ्ठी: गाव, तारीख, कोणत्या ओट्याशी मिळाला.