पॅड नवे, तरी ब्रेक किंचाळतो? दुसऱ्यांदा पॅड विकण्याआधी हे तपासा



समजा, विष्णुपुरीत तुमचं छोटं गॅरेज आहे. सकाळी एका सरांच्या गाडीला पुढचे ब्रेक पॅड टाकून दिले. संध्याकाळी सर परत दारात. “अहो, जुने बरे होते. नवे टाकले अन् कुईकुई करायलेत!”

आता “कंपनीचा मालच असा येतोय” म्हणालात, तर सर काही बोलणार नाहीत. पण एसजीजीएस, स्वारातीम विद्यापीठ, शासकीय मेडिकल कॉलेज सगळं इथं जवळजवळ आहे. एका स्टाफरूममध्ये बोलणं निघालं की दहा गाड्या दुसऱ्या गॅरेजला गेल्याच म्हणून समजा.

आवाज का येतो?

पॅड डिस्कला घासताना बारीक थरथर होते. पॅड नीट धरलेला नसेल किंवा डिस्क खराब असेल, तर ती वाढते आणि शिट्टीसारखी ऐकू येते. म्हणजे दोष बऱ्याचदा पॅडचा नसतो, फिटिंगचा असतो.

आधी विचारा, मग पाना उचला

- सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकलाच येतो? रात्रीच्या ओलीने डिस्कवर हलका गंज धरतो. तो आपोआप जातो.
- ब्रेक न दाबता येतो? क्लिप, वाकलेला पत्रा किंवा पॅड झिजल्याची सूचना देणारी पट्टी डिस्कला लागते का, ते बघा.
- लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर आहे? गाडी चालवू देऊ नका. लगेच खोला.

चाक काढल्यावर, याच क्रमाने

१. डिस्क : चऱ्या आणि कडेची धार बघा, जाडी मोजा. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. त्याखाली असेल तर डिस्क बदलाच. नुसती चकाकी आली असेल तर पॉलिश पेपर मारून ब्रेक क्लीनरने पुसा.

२. पॅडची जागा : गंज तारेच्या ब्रशने काढा. पॅड हाताने सरकला पाहिजे. धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ती छातीला वाईट.

३. गाइड पिन : अडकलेल्या असतील तर साफ करून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

४. शिम आणि क्लिप : घाईत जुन्या शिम फेकून देतात, तिथेच आवाज सुरू होतो. ब्रेकचं ग्रीस पॅडच्या पाठीला, जिथे टेकतो तिथेच, अगदी पातळ. घासणाऱ्या बाजूला तेल-ग्रीस लागलं असेल तर मात्र पॅड बदला.

गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला ब्रेक खाली जाऊ शकतो!

पॅड बसवणं म्हणजे जमवणंही

नवा पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. पाकिटावर सूचना असेल तर तीच पाळा. नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ५० च्या स्पीडवरून १५-२० पर्यंत हळू आणा, पूर्ण थांबू नका. मध्ये गार होऊ देत असं दहा-बारा वेळा करा.

आता धंद्याचा हिशोब

समजा, मजुरी ४०० रुपये घेतली. साफसफाईची वीस मिनिटं वाचवली आणि गाडी परत आली, तर तासभर फुकट काम. त्यात दारात उभी असलेली दुसरी गाडी निघून जाते. वाचलं काय?

म्हणून गाडी देतानाच सांगा : “सर, पहिले २००-३०० किलोमीटर विनाकारण जोरात ब्रेक मारू नका. थोडा आवाज येऊ शकतो. वाढला तर या, मी बघतो.” आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितली तर सबब वाटते.

ब्रेकचं काम नवीन असेल तर आधी अनुभवी मिस्त्रीच्या हाताखाली शिका. इथं चूक झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतते.

आजचं काम : वरचे चार मुद्दे मोठ्या अक्षरात लिहून गॅरेजच्या भिंतीला लावा. पोरगं कामाला नवीन असलं तरी एकही पायरी सुटणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!